फायब्रॉइन आणि नॅनोसेल्युलोज यांची फिल्म ठिसूळ का होते आणि पाण्यात का टिकत नाही

प्रश्नाचा आशय असा: तुतीच्या रेशमाचे फायब्रॉइन (धाग्यातले मुख्य प्रथिन) आणि कापसाच्या लिंटरपासून (सरकीवरचे आखूड तंतू) टेम्पो या उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण करून तयार केलेले नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू) पाण्यात मिसळून, मिश्रण दहा मिनिटे सॉनिकेट करून (म्हणजे अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींनी घुसळून), पेट्री डिशमध्ये ओतून आणि वाळवून फिल्म केल्या. त्या पांढुरक्या होतात, कडेने वळतात, वाकवताना तडकतात आणि पाण्यात ठेवल्या की त्यातले रेशीम निघून जाते. दोन्ही घटकांचे प्रमाण वेगवेगळे घेऊन पाहिले, तरी ताणशक्ती नुसत्या नॅनोसेल्युलोजच्या फिल्मपेक्षा कमीच भरते. तर योग्य प्रमाण कोणते?

प्रमाणाचा शोध तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या पदार्थात प्रमाणाला महत्त्व आहे, पण ते नंतर येते. त्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असतात: मिसळताना फायब्रॉइनची साखळी किती लांब आणि किती मोकळी होती, आणि ती नेमकी कोणत्या टप्प्यावर घट्ट झाली. साखळी मोकळी असताना सेल्युलोजच्या तंतूंमध्ये पसरली, पाणी सावकाश निघाले आणि त्यानंतर रेशीम स्फटिकी झाले, तर फिल्म पारदर्शक आणि चिवट होते. हाच क्रम उलटा झाला, तर कोणतेही प्रमाण घेतले तरी तुम्ही वर्णन केलेलीच फिल्म हाती येते.

याचे कारण दोन्ही घटकांच्या रचनेत आहे. सेल्युलोजच्या स्फटिकाचा साखळीच्या दिशेतला यंगचा गुणांक सुमारे १३८ गिगापास्कल आहे, म्हणजे तो अतिशय ताठ आहे. पण ताठ तंतू एकमेकांवरून घसरू लागले की पडणारी चीर थोपवणारे त्यांच्यामध्ये फारसे काही नसते. फायब्रॉइनची मोठी साखळी सुमारे ३९० किलोडाल्टन रेणुभाराची असते. तिच्यात ग्लायसीन, अ‍ॅलानीन आणि सेरीन यांचे ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येतात. हे भाग एकमेकांशेजारी बसून बीटा-शीट नावाचे सूक्ष्म स्फटिक बनवतात, आणि त्यांच्यामधले सैल भाग ताण आल्यावर उलगडतात. ओढल्यावर उलगडणारा हा भाग ऊर्जा शोषून घेतो. रेशमाचा चिवटपणा त्यातूनच येतो, आणि आपल्याला तो सेल्युलोजच्या तंतूंमध्ये हवा आहे. रेशमाचा किडा हे प्रथिन ग्रंथीत दाट पण विरघळलेल्या अवस्थेत सांभाळतो आणि बाहेर काढताना सामू, क्षार आणि ओढ यांच्या साहाय्याने त्याचा धागा करतो. आधी साखळ्यांची मांडणी आणि मग घट्टपणा, हा क्रम प्रयोगशाळेतही सोडता येत नाही.

या दिशेने झालेल्या दोन कामांचा उल्लेख करतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध आहे. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतील गटाने २०१७ मध्ये लाकडापासून काढलेल्या सेल्युलोजच्या नॅनोतंतूंत थोडे पुनर्संयोजित (जनुकीय तंत्राने बनवलेले) कोळी-रेशीम मिसळले आणि सूक्ष्म नळीतल्या प्रवाहाच्या साहाय्याने तंतू एका दिशेत आणून त्याचा धागा काढला. त्याची ताणशक्ती सुमारे एक गिगापास्कल भरली. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ आणि व्हीटीटी संस्था यांनी २०१९ मध्ये बर्चच्या लगद्यातले तंतू घेतले आणि असे प्रथिन रचले, की त्याच्या मध्यभागी कोळ्याच्या रेशमासारखा भाग होता, तर दोन्ही टोकांना सेल्युलोजला नेमकेपणाने चिकटणारे खंड जोडलेले होते. दोन्ही ठिकाणी सगळे लक्ष प्रथिन आणि तंतू यांच्या सीमेवर होते. तुमच्याकडे जनुकीय बदल केलेले प्रथिन नाही, तुतीच्या कोषातले साधे फायब्रॉइन आहे, आणि त्याला अशी चिकटणारी टोके नाहीत. म्हणून सीमेवरची जवळीक तुम्हाला मिसळण्याच्या आणि वाळवण्याच्या पद्धतीतूनच साधावी लागेल.

आता रेशमापासून सुरुवात करू. कोषाच्या वजनात साधारण पंचवीस ते तीस टक्के सेरिसिन म्हणजे रेशमाचा डिंक असतो. तो काढण्यासाठी सोडियम कार्बोनेटच्या ०.०२ मोलर द्रावणात कोषाचे तुकडे उकळतात. रूढ कृतीत ५ ग्रॅम कोषांना २ लिटर पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घेतात. बऱ्याच प्रयोगशाळांत हे उकळणे ‘पूर्ण स्वच्छ व्हावे’ म्हणून एक तास किंवा त्याहून जास्त चालते, आणि ठिसूळपणाचे पहिले बीज तिथेच पडते. अल्कलीत उकळत राहिल्याने फायब्रॉइनची साखळी तुटत जाते, आणि आखूड साखळी दोन तंतूंमध्ये पूल बांधू शकत नाही. ३० मिनिटे पुरेशी आहेत. सेरिसिन निघाले की नाही, हे वेळेवरून न ठरवता वजनातील घटीवरून ठरवावे, आणि शंका असेल तर पिक्रोकार्मिन रंगाने पाहावे: सेरिसिन लाल दिसते, फायब्रॉइन पिवळे. उकळल्यावर तंतू पाण्यात तीनदा नीट पिळून धुवावेत आणि साध्या तापमानाला वाळवावेत. धाग्याच्या कामाला न येणारे फुटके कोष यासाठी चालतात आणि स्वस्त पडतात. जालन्याच्या कोष बाजारामुळे मराठवाड्यातील महाविद्यालयांना ते मिळवणे आता फार अवघड नाही. फक्त आतली अळीची कात आणि डाग पडलेला भाग कापून टाकावा.

विरघळवण्यासाठी ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड वापरावे. १०० मिलिलिटर द्रावणाला सुमारे ८१ ग्रॅम क्षार लागतो. तो पाण्यात घालताना बरीच उष्णता निघते, म्हणून थोडा थोडा घालावा. वाळलेल्या १ ग्रॅम फायब्रॉइनला ४ मिलिलिटर द्रावण आणि ६० अंश सेल्सिअसला चार तास, एवढे पुरते. हा क्षार महाग असल्यामुळे अनेक जण कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी यांचे १:२:८ या मोल-प्रमाणातले मिश्रण घेतात. ते चालते, पण त्यात दोन सावधगिरी हव्यात. पहिली म्हणजे, बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइड बहुधा दोन रेणू पाणी असलेले असते. ते १४७ ग्रॅम घेतले तर इथेनॉल ९२ ग्रॅम आणि पाणी १४४ ऐवजी १०८ ग्रॅम घ्यावे, नाहीतर द्रावण सौम्य होऊन तंतू अर्धवट विरघळतात. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे: मागे राहिलेले कॅल्शियम पुढे नॅनोसेल्युलोजचे गोळे करते. तुमच्या कामासाठी मी लिथियम ब्रोमाइडच सुचवीन.

डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्याच्या नळीतून क्षार बाहेरच्या पाण्यात जाऊ देणे, हा टप्पा कंटाळवाणा असल्याने त्यात घाई होते. ३.५ किलोडाल्टनची नळी, सुमारे ४८ तास आणि या काळात किमान सहा वेळा बदललेले शुद्ध पाणी, असा नियम ठेवावा; पण खरा निकष घड्याळ नसून बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता हा आहे. ती ताज्या शुद्ध पाण्याजवळ आली पाहिजे. वाहकतामापक नसेल तर बाहेरच्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. ब्रोमाइड उरले असेल तर फिकट पिवळा साका दिसतो. तुमच्या फिल्मचा पांढुरकेपणा पाहता, क्षार पूर्ण निघालेला नव्हता अशी मला दाट शंका आहे. त्यानंतर द्रावण थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ काढावा, थोडा नमुना वाळवून तीव्रता मोजावी (ती साधारण ६ ते ८ टक्के येते) आणि द्रावण ४ अंशांना ठेवून एक-दोन आठवड्यांत वापरावे. थंडीतही फायब्रॉइन हळूहळू एकमेकांत गुंतत असते. हलवल्यावर धूसर दिसणारे किंवा घट्ट झालेले द्रावण सरळ टाकून द्यावे, कारण त्यातली साखळी आपल्याला हवी तितकी मोकळी राहिलेली नसते.

सेल्युलोजच्या बाबतीत कापसाचे लिंटर ही शुद्ध पण अवघड निवड आहे. त्यात हेमिसेल्युलोज (वनस्पतींत सेल्युलोजसोबत असणारा शर्करायुक्त घटक) जवळजवळ नसते आणि स्फटिकी भाग मोठे असतात, त्यामुळे लाकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या विरंजित लगद्यापेक्षा त्याचे तंतू सुटे होणे कठीण जाते. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे. कापसावरच काम करायचे असेल तर तिथला अनुभव जरूर समजून घ्यावा. लगदा घेणार असाल तर कधीही न वाळवलेला, ओलाच लगदा मागावा. एकदा वाळलेल्या लगद्यातले तंतू आपसांत इतके घट्ट बसतात, की पुन्हा भिजवून ते पूर्ण सुटत नाहीत. ऑक्सिडीकरणासाठी १ ग्रॅम कोरड्या सेल्युलोजला ०.०१६ ग्रॅम टेम्पो, ०.१ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड आणि ५ ते १० मिलिमोल सोडियम हायपोक्लोराइट घ्यावे, सामू १० वर धरावा आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा खप थांबला की क्रिया संपली असे समजावे. हायपोक्लोराइटची बाटली जुनी असेल तर तिची ताकद टायट्रेशनने तपासल्याशिवाय हे प्रमाण निरर्थक आहे. धुऊन झाल्यावर होमोजिनायझरमधून काढलेले निलंबन ०.५ टक्क्याला जवळजवळ पारदर्शक दिसावे. ते दुधासारखे दिसत असेल तर त्यात अजून जाड तंतू आहेत. ते सेंट्रिफ्यूजने वेगळे करावेत, फायब्रॉइन घालून झाकू नयेत.

मिसळण्याचा टप्पा मी सविस्तर सांगतो, कारण बहुतेक प्रयोग इथे बिघडतात. टेम्पो-सेल्युलोजवर कार्बोक्झिल गटांमुळे ऋण विद्युतभार असतो. फायब्रॉइनवरचा निव्वळ भार सामू ४ च्या आसपास शून्य होतो, म्हणजे उदासीन पाण्यात तेही ऋण असते. त्यामुळे सामू ७ ते ८ असताना दोघे एकमेकांना किंचित दूर सारत एकजीव मिसळतात. सामू ५ च्या खाली घसरू लागला की फायब्रॉइन जेल होण्याकडे झुकते आणि त्याहून खाली सेल्युलोजचे कार्बोक्झिल गटही भार गमावतात, मग गुठळ्या होतात. म्हणून मिसळण्यापूर्वी दोन्ही द्रावणांचा सामू वेगवेगळा मोजून सारखा करून घ्यावा. नॅनोसेल्युलोज १ टक्क्यालाच जेलसारखे दाट असते, ते ०.५ टक्का किंवा त्याहून सौम्य करावे, चुंबकीय ढवळणीने हळू फिरत ठेवावे आणि त्यात फायब्रॉइन थेंबाथेंबाने सोडावे.

एक गोष्ट मुळीच करू नये: मिश्रण ‘आणखी एकजीव व्हावे’ म्हणून त्यावर अल्ट्रासॉनिक शलाका चालवणे. अल्ट्रासॉनिकीकरण हा फायब्रॉइनला बीटा-शीटकडे ढकलून त्याचे जेल करण्याचा प्रस्थापित मार्ग आहे. जोरदार ढवळण्यानेही तेच होते, फक्त हळू. तंतू सुटे करण्यासाठी लागणारी सगळी ताकद सेल्युलोजवर, फायब्रॉइन घालण्याआधी खर्च करावी. तुमच्या वर्णनात मिश्रण दहा मिनिटे सॉनिकेट केल्याचा उल्लेख आहे. ठिसूळपणाचे दुसरे कारण मला तिथे दिसते. रेशीम तंतूंमध्ये शिरण्यापूर्वीच आपसांत घट्ट झाले, त्याचे स्वतंत्र कण झाले आणि फिल्ममध्ये ते तंतूंचे आपसांतले बंध तोडणारे अडथळे ठरले. नुसत्या नॅनोसेल्युलोजपेक्षा कमी ताणशक्ती येण्याचा उलगडाही यातच आहे.

उदाहरणादाखल एक आकडेमोड देतो. ०.५ टक्क्याचे १०० ग्रॅम निलंबन म्हणजे ०.५ ग्रॅम सेल्युलोज. त्यात ६ टक्क्यांचे सुमारे २.१ ग्रॅम फायब्रॉइनचे द्रावण घातले, तर रेशीम सुमारे ०.१२५ ग्रॅम आणि कोरडे प्रमाण ८०:२० होते. हवेचे बुडबुडे सौम्य निर्वातात काढून हे मिश्रण १५ सेंटिमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीनच्या सपाट डिशमध्ये ओतले, तर वाळल्यावर साधारण २५ मायक्रॉन जाडीची फिल्म मिळते. डिश पाणसळीने सपाट करून घ्यावी. थोडा कल असला तरी जाडी बदलते आणि ताणचाचणीतले आकडे विखुरतात.

वाळवणे ओव्हनमध्ये करू नये. वरून गरम हवा लागली की दुधावर साय धरावी तसा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतले पाणी अडकते आणि दोन बाजू वेगवेगळ्या आकसल्यामुळे फिल्म कडेने वळते. २३ ते २५ अंश तापमान, पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि छिद्रे असलेले झाकण ठेवून काही दिवस जाऊ द्यावेत. शेवटी थोडी ओल असतानाच फिल्म सोडवून, न चिकटणाऱ्या दोन पत्र्यांमध्ये हलक्या वजनाखाली पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि उन्हाळ्यात विदर्भात हे वेळापत्रक सारखे राहणार नाही, म्हणून आर्द्रता राखणारी बंद पेटी असल्यास उत्तम. संपृक्त मॅग्नेशियम नायट्रेटचे द्रावण ठेवलेली साधी काचेची पेटीही पन्नास टक्क्यांपेक्षा थोडी जास्त आर्द्रता चांगली टिकवते.

अशा रीतीने वाळलेल्या फिल्ममध्ये फायब्रॉइन बहुतांशी अजून अस्फटिकी आणि पाण्यात विरघळणारे असते. तुमचे रेशीम पाण्यात निघून गेले, यात नवल नाही. साखळी घट्ट करण्याचा टप्पा तुमच्या कृतीत नाहीच. तो आता, वाळल्यानंतर करायचा. सत्तर ते ऐंशी टक्के इथेनॉलमध्ये फिल्म काही तास बुडवणे हा सोपा मार्ग आहे. मिथेनॉलही हेच काम करते, पण विषारी असल्यामुळे विद्यार्थ्यांनी ते टाळावे असे मला वाटते. माझी पसंती मात्र पाण्याच्या वाफेला आहे: निर्वात डेसिकेटरच्या तळाशी पाणी ठेवून, हवा काढून, फिल्म रात्रभर आत ठेवावी. यात बीटा-शीट अल्कोहोलपेक्षा कमी पण फिल्म विरघळणार नाही इतपत होते आणि सैल भाग अधिक शिल्लक राहतो, त्यामुळे फिल्म वाकवताना तडकत नाही. तापमान वाढवले तर स्फटिकीपणाही वाढतो, म्हणजे एकाच उपकरणात ताठपणा आणि लवचीकपणा यांची निवड करता येते.

यानंतर हवे असल्यास फिल्म कॅल्शियम क्लोराइडच्या ०.१ मोलर द्रावणात थोडा वेळ बुडवून धुवावी. मिसळताना ज्या कॅल्शियमला आपण कटाक्षाने दूर ठेवले, तेच आता शेजारच्या तंतूंवरचे कार्बोक्झिल गट जोडून ओली ताणशक्ती वाढवते. कार्बोडायइमाइड किंवा जेनिपिनसारख्या जोडकारकांवर पैसे घालण्यापूर्वी मात्र विचार करावा. ही रसायने मुख्यतः लायसिनच्या अमिनो गटांवर काम करतात आणि तुतीच्या फायब्रॉइनमध्ये लायसिन एक टक्क्याहूनही कमी असते; जिलेटिनवरचे निष्कर्ष रेशमाला तसेच लागू होत नाहीत.

स्फटिकीपणा अवरक्त वर्णपटावरून मोजताना एक सापळा आहे. फायब्रॉइनचा अमाइड-१ पट्टा (प्रथिनातल्या पेप्टाइड बंधांमुळे येणारा) अस्फटिकी अवस्थेत १६४० ते १६५० आणि बीटा-शीट झाल्यावर १६२० ते १६२५ प्रतिसेंटिमीटरला येतो. पण टेम्पो-सेल्युलोजच्या सोडियम कार्बोक्झिलेटचा पट्टा १६०० ते १६१० च्या आसपास आणि शोषलेल्या पाण्याचा १६४० च्या जवळ असतो. हे तिन्ही एकमेकांवर चढतात आणि संगणकाने केलेले पट्ट्यांचे विभाजन दिसायला सुबक पण अर्थहीन निघते. उपाय असा, की फिल्मचा छोटा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, धुऊन, पूर्ण कोरडा करावा. कार्बोक्झिलेटचे आम्लरूप झाले की त्याचा पट्टा १७३० च्या दिशेने सरकतो आणि अमाइडचा भाग मोकळा होतो. आम्लाचा रेशमावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून नुसत्या फायब्रॉइनचा तुकडा त्याच प्रक्रियेतून सोबत न्यावा.

ताणचाचणीपूर्वी सगळ्या पट्ट्या २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दोन दिवस ठेवाव्यात. पाणी या दोन्ही घटकांना मऊ करते, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी उघड्या हवेत केलेल्या चाचण्यांची तुलना करता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओल्या फिल्मचीही चाचणी करावी. कोरड्या अवस्थेत नॅनोसेल्युलोजच्या तंतूंचे आपसांतले बंध इतके भक्कम असतात, की रेशीम घालून तिथे मोठी वाढ मिळेल ही अपेक्षा मी धरणार नाही. सोडियमरूपातली टेम्पो-सेल्युलोजची फिल्म पाण्यात मात्र प्रचंड फुगते आणि ताकद गमावते. तिथे घट्ट झालेले फायब्रॉइन फुगणे आवरते, आणि रेशीम घालण्याचा खरा लाभ मोजता येतो. जखमेवरचे आवरण किंवा ऊतींसाठीचा आधार हा तुमचा हेतू असेल, तर तुमच्या उपयोगाचा आकडा ओल्या फिल्मचाच आहे.

हे सगळे जुळल्यावर प्रमाणाकडे वळावे. पाच, दहा, वीस आणि तीस टक्के फायब्रॉइन अशा चार फिल्म पुरेशा आहेत. अर्ध्याहून जास्त रेशीम घेतले की तो वेगळाच पदार्थ होतो: मग फायब्रॉइन हा पाया आणि सेल्युलोज हे मजबुतीकरण असते, आणि त्याची तुलना नुसत्या रेशमाच्या फिल्मशी करायला हवी. दोन्ही प्रकार एकाच आलेखावर एका रेषेने जोडू नयेत.

शेवटी टसर या जंगली रेशमाबद्दल, कारण भंडारा आणि गडचिरोली भागातून कोष मिळतात म्हणून तुम्ही ते वापरण्याचे विचारले आहे. टसरच्या फायब्रॉइनचे स्फटिकी भाग मुख्यतः सलग अ‍ॅलानीनचे असतात आणि ते लिथियम ब्रोमाइडच्या वर सांगितलेल्या कृतीत नीट विरघळत नाहीत. डिंक काढणेही तुतीपेक्षा कठीण जाते. ते विरघळवण्यासाठी आयनिक द्रवांसारखे वेगळे विद्रावक लागतात. तेच द्रव सेल्युलोजही विरघळवतात हे आकर्षक वाटते, पण विरघळलेल्या सेल्युलोजचे मूळ ताठ नॅनोतंतू उरत नाहीत आणि पुन्हा साकळताना त्याची स्फटिकरचनाही बदलते. म्हणून टसरचा प्रयोग या प्रकल्पात न मिसळता, तुतीच्या फिल्म पाण्यात टिकू लागल्यावर स्वतंत्रपणे हाती घ्यावा.